जपायचं काय, पुसायचं काय

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

दक्षिण कोरियाची बातमी पुन्हा वाचली. देजॉन शहरातलं सरकारी डेटा सेंटर. २६ सप्टेंबरला लिथियमच्या बॅटऱ्या हलवताना आग लागली. सहाशेवर सरकारी यंत्रणा बंद. त्यातला जी-ड्राइव्ह, सरकारी फायलींचा साठा, कायमचा गेला. ८५८ टेराबाइट. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एका मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना बजावलं होतं की फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या नाहीत, सगळं इथेच. त्यांनी ऐकलं. त्यांचंच सगळ्यात जास्त गेलं. दुपारभर तेच डोक्यात.

४ ऑक्टोबर

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म छपाईला गेला. पाठ धरली आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गुरुजी दुकानात आले. काठी, कापडी पिशवी, पिशवीत सीड्या. झाकणांवर मार्करने लिहिलेलं अक्षर माझंच. २००३-०४ सालचं. तेव्हा मी दुसऱ्यांच्या प्रेसमध्ये टायपिंगला होते. गुरुजींच्या वह्या मीच पेजमेकरमध्ये चढवल्या होत्या.

कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांमधली शेतांची नावं. ओढ्यांची, पाणवठ्यांची, टेपाडांची. माणसं ठाण्याकडे, रायगडाकडे, सोलापूर-सांगलीकडे पांगली. गुरुजींनी सुट्ट्या घालवल्या पुनर्वसनाच्या वसाहतींमध्ये. म्हाताऱ्यांच्या शेजारी बसायचे, आठवेल ते उतरवून घ्यायचे. सांगणारे बहुतेक आता नाहीत.

वह्या सांगलीला मुलीकडे होत्या. २०१९च्या पुरात गेल्या.

"एवढ्या सीड्या राहिल्यात बघ बाई," म्हणाले. धरणाच्या पाण्याखालची नावं. त्यांच्या वह्याही पाण्यानेच नेल्या. मला काही बोलता आलं नाही.

८ ऑक्टोबर

केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला मेल झोहोवर नेला. व्हॉट्सॲपच्या गटात दिवसभर त्यावरच भांडण. निम्मे 'स्वदेशी' म्हणतात, निम्मे 'देखावा' म्हणतात.

रात्री भाच्याचा फोन. तो हिंजवडीला नोकरीला. "मावशी, नायराचं आठवतं का?" आठवतं. जुलैमध्ये युरोपने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने वाडिनारच्या त्या तेलशुद्धीकरण कंपनीची सेवा तोडली. पैसे भरलेले, तरी मेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा सुरू झाली. भाचा म्हणतो, सेवा देणारा देशातला असला की निदान बाहेरच्या कुणाच्या निर्बंधाने आपलं टपाल थांबत नाही. हे पटलं.

पण माझा पहिला प्रश्न वेगळा. उद्या नाराज झाले तर माझं सगळं टपाल उचलून दुसरीकडे नेता येतं का? ज्या खोक्यातून सामान बाहेर काढता येत नाही ते झोहोच्या तेन्काशीचं असो की सिएटलचं, मला भीतीच वाटते. आणि झोहोच्याच अरट्टै ॲपवरच्या लेखी निरोपांना अजून टोकापासून टोकापर्यंत कुलूप नाही. तिथे स्वदेशी म्हणून सूट द्यायला मी तयार नाही.

९ ऑक्टोबर

दोन सीड्या वाचल्या. एक फिरते, थांबते, फिरते. काहीच येत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १०चा आधार आजपासून संपला. पुढे सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर वर्षभराची वेगळी नोंदणी. नवी विंडोज चढवायची तर टीपीएम २.० हवं, इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर हवा. दुकानात दोन मशीन त्याआधीची आहेत. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, उत्तम चालतात. निव्वळ कुणाच्या वेळापत्रकात बसत नाहीत म्हणून ती भंगारात घालायची. जगभर अशी किती मशीन निघतील? राग येतो.

पुढच्या काउंटरच्या मशीनवर लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. मागचं मशीन विंडोजवरच, कारण जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालतं. त्याची नेटची वायर आज काढली.

१६ ऑक्टोबर

मिंट टाकण्याआधी काउंटरच्या मशीनचं डाउनलोड फोल्डर उघडलं. आधार कार्डं. जातीचे दाखले. सातबारे. बँक पासबुकाची पहिली पानं. एका सरकारी योजनेच्या ई-केवायसीला गर्दी उसळली आहे, तिथले बायकांचे आधार, नवऱ्याचे आधार, ज्यांचे नवरे वारले त्यांचे मृत्यूचे दाखले.

रोज संध्याकाळी पुसायचा आमचा नियम आहे आणि दुकानातली सुवर्णा तो पाळते. हे सगळं आजच्या एका दिवसाचं.

मग गावात इतकी दुकानं, जिल्ह्यात किती, राज्यात किती. त्यांची फोल्डरं कोण पुसतं? आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढता येते, हे गिऱ्हाइकाला सांगावं तर म्हणतात, "ऑफिसात चालत नाही ताई, पूर्ण नंबर मागतात."

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

भाचा दुपारी जेवायला येणार होता. आला नाही. ॲमेझॉनची क्लाउड सेवा आडवी झाली आहे, त्याला लॅपटॉपसमोरून उठता येईना. व्हर्जिनियातल्या केंद्रात नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था बिघडली. माहिती जागेवर होती, तिच्यापर्यंतची वाट हरवली. सिग्नल ॲपसुद्धा बंद पडलं.

चकल्या डब्यात भरून ठेवल्या.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

वहीशेजारी हार्ड डिस्कलाही हळदकुंकू. सुवर्णाचा आग्रह.

२७ ऑक्टोबर

अडलेल्या सीडीवर डीडीरेस्क्यू लावलं. आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा वहीत टिपून ठेवतं, मग दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं. हे फुकट मिळतं. जगात कुणीतरी बसून लिहिलं, वाटून टाकलं. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

रात्रभर चालू ठेवलं. घरी गेले तरी कान तिकडेच.

२८ ऑक्टोबर

निघाली! एक कोपरा सोडून सगळी.

३ नोव्हेंबर, सोमवार

लिब्रेऑफिसमध्ये पेजमेकरची फाइल उघडते. उघडली. पडद्यावर डॉलरच्या खुणा, इंग्रजी अक्षरं, कंस. मराठीचा पत्ता नाही.

जुन्या फॉन्टांत हेच व्हायचं. कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी आहे, वरून मराठीचं चित्र चिकटवलेलं. फॉन्ट गेला की मराठी गेली. प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण आम्ही छपाईवाले पुढची कितीतरी वर्षं जुन्यावरच काम करत राहिलो, कारण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं आणि अंक वेळेवर निघायला हवा होता.

अशी किती मराठी पडून असेल. गावोगावचे दिवाळी अंक, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, साखर कारखान्यांची वृत्तपत्रं. अभिजात दर्जा मिळाला त्याला वर्ष झालं. त्यासाठीच्या पैशातून हे काम कुणी हाती घ्यावं असं फार वाटतं. परिषदा होतील, सत्कार होतील. या सीड्या मात्र दरवर्षी थोड्या थोड्या मरत राहतील.

५ नोव्हेंबर

कन्व्हर्टर लावला. बरंचसं जमलं. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, ती नीट मागे सरकली. रफार काही ठिकाणी शेजारच्या अक्षरावर बसला. ऱ्य आणि ऱ्ह सगळे तुटले. कऱ्हाडचं काहीतरी भलतंच झालं. दऱ्या गेल्या, झऱ्यांची नावं गेली. डोंगरातल्या गावांच्या यादीत दऱ्या आणि झरेच तर जास्त.

यंत्राने हे सुटणार नाही. ओळ न् ओळ वाचायला हवी.

१० नोव्हेंबर

गुरुजींकडे प्रिंट घेऊन गेले. मोठ्या अक्षरात काढला. बोट ठेवून वाचत होते. वाघजाईची दळी. जांभळीचं खाचर. कोंडीवरची पट्टी. एका नावावर थांबले. "हे कुंभाराचं नाही, कुंभ्याचं. तिथे कुंभ्याची झाडं होती." म्हणजे चूक कन्व्हर्टरची नव्हे, २००३ सालातली. घरच्या बाईंनी चहा ठेवला तो निवला.

सीडीच्या न निघालेल्या कोपऱ्यात एका गावाची पश्चिमेची बाजू होती. गुरुजींना काही नावं आठवली. काही नाही.

"सातबाऱ्यावर असतील," म्हणाले. "जुन्या. हाताने लिहिलेल्या."

१२ नोव्हेंबर

खरंच. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे. मी रोज उतारे काढून देते. ऑनलाइन उताऱ्यांवर तो बहुधा कोरा. चढवताना आकडे चढवले, क्षेत्र चढवलं, नावं राहिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माहिती संरक्षणाचे नियम आले. कायदा ऑगस्ट २०२३चा, नियम आज. कंपन्यांवरची मुख्य बंधनं दीड वर्षाने लागू होणार. पण माहिती अधिकारातली दुरुस्ती लगेच. कलम ४४(३). आजवर ८(१)(ञ)मध्ये वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागे, लोकहित मोठं असेल तर ती द्यावी लागे. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की पुरे. ८(२)मध्ये लोकहिताची वाट शिल्लक आहे, पण तोलायचं कुणी? ज्याच्याकडे कागद आहे त्यानेच.

खासगीपण हा मूलभूत हक्क, असं नऊ न्यायाधीशांनी २०१७मध्ये एकमताने सांगितलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. तो सामान्य माणसाला सरकारपासून, बाजारापासून आडोसा मिळावा म्हणून होता. नागरिकाचा आडोसा दीड वर्ष लांब आणि कचेरीचा आजपासून, हे मला अन्यायाचं वाटतं.

१९ नोव्हेंबर

नगरपालिकेच्या निवडणुकीचं काम. पत्रकं, फ्लेक्स. आज एका उमेदवाराचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. वॉर्डाची यादी एक्सेलमध्ये. नाव, वय, घर आणि पुढच्या रकान्यात मोबाइल नंबर.

मतदार यादीत मोबाइल नंबर छापलेले नसतात.

"कुठून आणले?" "मिळतात ताई." त्याला गल्लीनुसार वेगळे काढून हवे होते, आडनावांनुसार सुद्धा. सुवर्णाने तिच्या घरच्यांची नावं शोधली. तिचा नंबर होता, सासूचा होता, नणंदेच्या मुलीचा होता. ती मुलगी अजून कॉलेजात.

काम घेतलं नाही. पत्रकांचं कामही त्याने परत नेलं. नेऊ दे.

२० नोव्हेंबर

झोप नाही. हे नंबर कुणाच्या तरी डाउनलोड फोल्डरमधूनच बाहेर पडले असणार. पुसायला हवं ते आपल्याकडे कुणी पुसत नाही. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर जगतं. आणि डोंगरातल्या एका झऱ्याचं नाव सांभाळायला कुणी नाही.

३ डिसेंबर, बुधवार

संचार साथीचा आदेश मागे घेतला. प्रत्येक नव्या फोनमध्ये ते ॲप आधीच घातलेलं असावं, जुन्यांतही अपडेटमधून पोचवावं, असा २८ नोव्हेंबरचा आदेश होता. परवा लोकांना कळलं, आज मागे. हरवलेला फोन बंद करायला ते ॲप उपयोगी आहे, मी स्वतः गिऱ्हाइकांना वापरायला सांगते. मागून घ्यावं आणि नको असेल तर काढता यावं, एवढीच अपेक्षा होती. लोक बोलले म्हणून झालं. बोललं पाहिजे.

११ डिसेंबर

गुरुजींचा पहाटे फोन. १९६७ साली याच तारखेच्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला होता. ते तेव्हा तरुण शिक्षक. दरवर्षी या दिवशी लवकर उठतात. "जागी होतीस ना?" म्हणाले. मग पश्चिमेच्या बाजूचं एक नाव सांगितलं. रात्री आठवलं म्हणे.

१४ डिसेंबर

यादी तयार. साधी मजकुराची फाइल, युनिकोड. कोणत्याही मशीनवर, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. सगळी मिळून दोन एमबीसुद्धा नाही. लग्नाच्या एका फोटोपेक्षा लहान.

एक प्रत दुकानातल्या डिस्कवर, एक गुरुजींच्या मुलीकडे पेन ड्राइव्हवर, एक भाच्याच्या हाती क्लाउडवर. तीन प्रती, निदान दोन तऱ्हेच्या साधनांवर, निदान एक गावाबाहेर. शिवाय वाचनालयाला छापून. नावं सांगणाऱ्यांचे गुरुजींनी तेव्हा लिहून घेतलेले पत्ते मात्र क्लाउडवरच्या प्रतीत ठेवले नाहीत. त्यांच्या नातवंडांना विचारल्याशिवाय ते बाहेर जाणार नाहीत.

१७ डिसेंबर

ठाणे जिल्ह्यातल्या वसाहतीतून एका बाईंचा फोन. प्रिंट तिकडे पोचला. त्यांच्या आजोबांच्या शेताचं नाव यादीत नाही. पश्चिमेकडचं. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. मागे आणखी कुणीतरी ओरडून दुसरं नाव सांगत होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

माहिती अधिकाराचा कायदा पुन्हा पहिल्यापासून वाचला. ८(३). वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलची माहिती द्यायची. तीन अपवाद आहेत, त्यात (ञ) नाही. गाव पाण्याखाली जाऊन साठ वर्षं झाली. शिवाय कलम १० : काही भाग देता येत नसेल तर तेवढा झाकून उरलेला द्यावा. जुन्या सातबाऱ्यांवरची खातेदारांची नावं झाका, 'शेताचे स्थानिक नाव' हा रकाना द्या. आमचं मागणं तेवढंच.

अर्ज टाइप केला. दोन्ही कलमं घातली. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट सुवर्णा आणणार आहे. अर्जदार गुरुजी. उद्या सही घ्यायची, सोमवारी टाकायचा.