टीएसएच साडेसहा

थायरॉइडचा रिपोर्ट आता डॉक्टरच्या आधी मोबाइलवर पोचतो. कंपनीची वार्षिक तपासणी असो, विम्याची असो किंवा सणासुदीला सवलतीत मिळणारं ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज, साखर, कोलेस्टेरॉल आणि व्हिटॅमिन डीच्या रांगेत टीएसएच असतंच. समोर ठळक ठशात ६.५, शेजारी ‘एच’ हे अक्षर, उजव्या रकान्यात ०.४ ते ४.५ अशी मर्यादा. त्याच पानावर टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं नॉर्मल छापलेली असतात, पण तिथपर्यंत नजर जात नाही. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर कोबी बंद, सोयाबीन बंद, धण्याचं पाणी चालू असा हुकूम निघतो. आठवड्याभरात २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी सुरू होते आणि ‘आता ही जन्मभर’ असं कुणीतरी सांगून टाकतंच. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की, टी-४ नॉर्मल असताना ४.५ आणि १० यांच्यामध्ये सापडलेल्या टीएसएचवर लगेच गोळी लिहिणं ही बहुतेक प्रौढांच्या बाबतीत घाई आहे. आधी तो आकडा खरा आहे का ते पाहावं, खरा असला तर टिकतो का ते पाहावं, आणि मगच तो या माणसाच्या वयाला, अवस्थेला लागू पडतो का ते ठरवावं. हे तिन्ही प्रश्न टाळून केलेला उपचार रिपोर्टवर होतो, माणसावर होत नाही.

टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरकच नव्हे, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. थायरॉइड कामात ढिली पडली की पिट्युटरी मुकादमासारखी आवाज चढवते. थायरॉइड जास्त काम करायला लागली की गप्प बसते. या दोघींचं नातं सरळ प्रमाणाचं नाही. रक्तातलं फ्री टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभर पटींपर्यंत चढू शकतं. म्हणूनच पहिली चाचणी म्हणून टीएसएच उत्तम. टी-४ अजून मर्यादेच्या आत असतानाच ते बिघाडाची चाहूल देतं. पण याच गुणामुळे ते बारीकसारीक कारणांनीही हलतं, आणि म्हणूनच साडेसहा आणि पासष्ट हे आकडे एकाच आजाराच्या कमी-जास्त पायऱ्या म्हणून वाचता येत नाहीत. पासष्टला थायरॉइड निकामी होत आल्याबद्दल फारशी शंका उरत नाही. साडेसहाला बरंच काही उरतं.

उदाहरणार्थ, रक्त किती वाजता काढलं हे. टीएसएच रात्री चढतं, पहाटेपर्यंत वरच राहतं आणि दुपारी खाली येतं; त्यामुळे एकाच माणसाचा सकाळी सातचा आणि दुपारी तीनचा आकडा मर्यादेच्या दोन बाजूंना पडू शकतो. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नमुना घेतल्याची वेळ छापलेली असते, ती पाहावी. गेल्या महिन्यात डेंग्यू, न्यूमोनिया किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर आजारपणात टीएसएच दबतं आणि बरं होताना उसळी मारून काही काळ मर्यादेबाहेर जातं. लॅब बदलली तर यंत्र आणि रसायनं बदलतात, त्यानेही आकडा थोडा सरकतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांचा परिणाम तर फसवा असतो. अनेक यंत्रांतली रासायनिक पद्धत बायोटिनवरच बेतलेली असल्याने रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे थायरॉइड अतिसक्रिय झाल्याचं हुबेहूब चित्र उभं राहतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. चाचणीपूर्वी किमान दोन दिवस अशा गोळ्या बंद ठेवल्या की काम भागतं. पण ते आधी कुणीतरी विचारायला हवं.

मर्यादेची ती रेघ कुठून आली, हेही पाहू. निरोगी समजल्या गेलेल्या पुष्कळ लोकांचं टीएसएच मोजायचं आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळायचे. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचा पट्टा म्हणजे नॉर्मल. याचा अर्थ, दर चाळीस निरोगी माणसांतला एक जण व्याख्येनेच रेघेच्या वर बसतो. शिवाय ही रेघ सगळ्या वयांना एकच लावली जाते. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या रक्तनमुन्यांचा पुढे वयानुसार अभ्यास झाला, तेव्हा ऐंशीच्या वरच्या, थायरॉइडचा आजार नसलेल्या लोकांत ही वरची मर्यादा साडेसातच्या आसपास निघाली. म्हणजे घरातल्या ८२ वर्षांच्या आजोबांचं ६.५ त्यांच्या वयाला साजेसं आहे. नातवाच्या रेघेने त्यांना आजारी ठरवण्यात काही अर्थ नाही.

आकडा टिकतो का, या प्रश्नाचं उत्तर तर थक्क करणारं आहे. इस्रायलमधल्या एका मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींवरून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीला ५.५ ते १० टीएसएच असलेल्या आणि उपचार न घेतलेल्या लोकांपैकी सुमारे ६२ टक्क्यांचं टीएसएच पाच वर्षांच्या काळात आपणहून नॉर्मल झालेलं दिसलं. बाकीच्यांपैकी कोण पुढे खऱ्या हायपोथायरॉइडिझमकडे जाईल, याचा अंदाज अँटी-टीपीओ या अँटीबॉडीवरून बांधता येतो. इंग्लंडमधल्या व्हिकमची पाहणी वीस वर्षं चालली. तिथे टीएसएच वाढलेलं आणि अँटीबॉडीही असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी सुमारे ४.३ टक्के पुढच्या टप्प्यात गेल्या. नुसतं टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के होतं. म्हणजे दोन्ही दोष असले तरी शंभरातल्या पंचाण्णव जणींना पुढच्या वर्षीही गोळीची निकड नसते. म्हणून माझा साधा आग्रह असा: दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी, टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा करावं आणि अँटी-टीपीओ एकदा करावं. ‘एकदा’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. अँटीबॉडीचा आकडा दर सहा महिन्यांनी मोजून उपचारात तसूभरही फरक पडत नाही. पैसे मात्र जातात.

यावर पहिली हरकत येते ती अशी की, ही बोलणी आकड्यांची झाली. समोरच्या बाईला थकवा आहे, वजन वाढतंय, केस गळताहेत, बद्धकोष्ठता आहे, त्याचं काय? हरकत खरी आहे. त्रास खराच असतो. प्रश्न इतकाच की तो साडेसहाच्या टीएसएचमुळे आहे का. याची नीट परीक्षा झालेली आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ या युरोपीय चाचणीत ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी दिली. सुरुवातीचं सरासरी टीएसएच ६.४. वर्षाअखेर औषधाच्या गटात ते साडेतीनच्या थोडं वर आलं, दुसऱ्या गटात साडेपाचच्या आसपास राहिलं. आकडा सुधारला, थकवा आणि इतर लक्षणं दोन्ही गटांत सारखीच राहिली. ‘पण गोळी सुरू केल्यावर मला बरं वाटलं’ असं सांगणारे या चाचणीतल्या दोन्ही गटांत निघाले असते, आणि म्हणूनच अशा अनुभवावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. थकव्याचं बिल थायरॉइडच्या नावावर फाडलं की बाकीची चौकशी थांबते, हा त्यातला मोठा तोटा. हिमोग्लोबिन ९ असतं, बी-१२ तळाला गेलेलं असतं, झोप घोरण्याने तुटत असते, रजोनिवृत्ती जवळ आलेली असते, मन उदास असतं. आणि बाई दर तीन महिन्यांनी टीएसएच करत बसते. वजनाचंही तेच. थायरॉइड पार मंदावली तरी तिच्यामुळे वाढणारं वजन बहुधा काही किलोंचं असतं आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. वीस किलोंचा आळ तिच्यावर घेता येत नाही.

दुसरी हरकत अधिक टोकदार आहे: ते युरोपातले म्हातारे, आमच्याकडे तिशी-चाळिशीच्या बायका. मान्य. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे ८ टक्क्यांमध्ये असं सौम्य वाढलेलं टीएसएच सापडलं आणि २० टक्क्यांहून अधिक लोकांत अँटी-टीपीओ होतं. आपल्याकडे प्रश्न मोठा आहे, यात शंका नाही. पण प्रश्न मोठा असणं हे सरसकट गोळ्या वाटण्याचं कारण होत नाही. उलट इतक्या लोकांना जन्मभराचं औषध लावण्याआधी पुरावा अधिक घट्ट हवा. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने २१ चाचण्या आणि सुमारे २२०० प्रौढांची माहिती तपासून, अशा बहुतेक रुग्णांना थायरॉक्सिन देऊ नये असा ठाम सल्ला दिला. त्यांनी गर्भधारणेच्या तयारीतल्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, तीव्र लक्षणं असलेले आणि अगदी तरुण रुग्ण यांना वगळलं होतं. तरुणांमध्ये, अँटीबॉडी असताना, टीएसएच ८-९ वर टिकून राहिलं तर मी सहा महिने गोळी देऊन पाहण्याच्या विरोधात नाही. फरक पडला नाही तर थांबवायची, हे मात्र सुरू करतानाच ठरलेलं हवं. १० च्या वर टिकणाऱ्या टीएसएचला, अतिवृद्ध सोडले तर, उपचार द्यावा असंच मी मानतो. तो गट २० पर्यंत वाट पाहायला सांगतो, तिथे माझा त्याच्याशी मतभेद आहे.

‘एवढीशी गोळी, तिने काय होतंय?’ ही तिसरी हरकत. थायरॉक्सिन नेमक्या डोसमध्ये अतिशय सुरक्षित आहे, पण डोस हळूहळू वाढत जातो आणि टीएसएच शून्याच्या जवळ पोचलं तरी ‘चांगलं कंट्रोलमध्ये आहे’ असं म्हटलं जातं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात ६० वर्षांवरच्या ज्यांचं टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होतं, त्यांना दहा वर्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. पाळी थांबलेल्या बायकांची हाडंही झिजतात.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण वरचं सगळं वाचून कुणी चालू गोळी बंद करू नये. काही ठिकाणी थांबणं गुन्हा आहे. नवजात बाळाला थायरॉइड जन्मतःच कमी असेल, आणि आपल्याकडे हे साधारण हजारात एखाद्या बाळात सापडतं, तर पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झालं नाही की मेंदूची वाढ कायमची खुंटते. टाचेच्या रक्ताच्या थेंबावर होणारी ती तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हायला हवी. पस्तिशीतल्या निरोगी माणसाचं टीएसएच दर सहा महिन्यांनी मोजण्यापेक्षा ती कितीतरी मोलाची आहे. तसंच, कधीकधी टीएसएच नॉर्मल असून माणूस गंभीर आजारी असतो. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाल्यावर पिट्युटरीचाच काही भाग मरतो. मग दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, वर्षानुवर्षं अशक्तपणा राहतो. शिहान सिंड्रोम म्हणतात तो हा. इथे हाक मारणारीच मुकी झालेली असल्याने टीएसएच नॉर्मल दिसू शकतं आणि बिघाड फक्त फ्री टी-४ मध्ये उघडा पडतो. अशा बाईला कॉर्टिसोल न तपासता थायरॉक्सिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. नुसत्या टीएसएचवर भरवसा ठेवण्याचा तोटा असा दोन्हीकडून होतो.

गरोदरपणाचं गणित वेगळंच आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची थायरॉइड तयार नसते, त्याचं आईच्या संप्रेरकावर चालतं; आणि त्याच काळात गर्भारपणातलं एचसीजी हे संप्रेरक थायरॉइडला चेतवत असल्याने टीएसएच एरवीपेक्षा खाली असतं. २०११ साली अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही वरची मर्यादा सुचवली होती. त्या मापाने निरोगी गरोदर बायकाही मोठ्या संख्येने रुग्ण ठरू लागल्या, आणि २०१७ मध्ये स्थानिक आकडे नसतील तिथे ती ४ च्या आसपास आणली गेली. बऱ्याच ठिकाणी अजून जुनीच रेघ चालू आहे. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने मात्र दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठावं, कारण डोस सहसा पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि पहिली भेट ठरेपर्यंत महत्त्वाचे आठवडे निघून जातात.

ज्यांना गोळी खरोखर लागते, त्यांच्यापैकी अनेकांचं टीएसएच डोस पुरेसा असूनही वर राहतं, आणि त्याचं कारण बहुधा स्वयंपाकघरात सापडतं. गोळी दुधाच्या चहाबरोबर घेतली जाते. तिला रिकामं पोट, साधं पाणी आणि पुढची अर्धा-पाऊण तासाची उसंत लागते. टी-४ चं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं असल्याने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी केलेली चाचणी जुन्या-नव्या डोसचं कडबोळं दाखवते. आणि एखाद्या दिवशी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतात. हृदयविकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो गरोदर बायकांत, कारण त्यांना लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही दिलेल्या असतात आणि सोय म्हणून तिन्ही एकत्र घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरतात, मध्ये चार तास तरी हवेत. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, लोह दुपारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, असं चिठ्ठीवर वेळेसकट लिहून दिलं तर पुष्कळदा डोस वाढवावाच लागत नाही.