क्रँकचा खेळ

ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. वडिलांची गाडी मात्र आजही आमच्याकडे आहे. इंजिन बांधून महिनाही झाला नव्हता, तोच क्लच दाबताच ते गुदमरून बंद पडू लागले. रणगाड्यांचे संग्रहालय असलेल्या आमच्या नगरात (आता अहिल्यानगर) जाणत्या मिस्त्रींची वाण नाही. दुसऱ्या मिस्त्रींनी मला क्लच दाबायला सांगितले आणि स्वतः पुलीकडे पाहत राहिले. पुली डोळ्यांदेखत पुढे सरकली! क्रँकचा ‘खेळ’ (शब्द त्यांचाच, आणि किती नेमका) मिलिमीटरच्या दशांशांतच असावा लागतो.

“सर, क्लचवर पाय ठेवून चालवता का?”

“नाही.”

तेलात धातूचा चुरा चमकत होता. थ्रस्टच्या अर्धचंद्राकृती चकत्या उलट्या बसवलेल्या; तेलाच्या खाचा क्रँककडे हव्यात, त्या ब्लॉककडे होत्या. क्लचचा सारा रेटा चकतीच्या पोलादी पाठीवर. क्रँक वाचेल का, असे विचारले, तेव्हा त्यांनी मायक्रोमीटर पुसायला घेतला.