उमरीची खाजकुयरी

नांदेडहून निघालेली आमची गाडी मुदखेड मागे टाकून उमरीच्या स्टेशनात थांबली, तेव्हा पौषातले ऊन नुकतेच वर आले होते. १९४८ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी येथील बँक लुटून लढ्यासाठी द्रव्य मिळविले, म्हणून या गावाचे नाव वाचकांच्या कानी असेल. आम्ही मात्र आलो होतो आमच्या आतोबांच्या समाचारास. त्यांस कंपवात जडून सहा वर्षे झाली.

आत्याबाई त्यांस वाटीने चहा पाजीत होत्या. तिसऱ्या प्रहरी हात धरून आम्ही त्यांस मळ्यात नेले. कुंपणावर खाजकुयरीच्या लवदार शेंगा लोंबत होत्या. त्यांजकडे बोट करून आतोबा म्हणाले, "अरे, माझे औषध येथे फुकट लोंबते आहे, मग त्या महागड्या गोळ्या कशास?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपल्या वैद्यकात ही कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता होय. १९३७ साली दामोदरन् व रामस्वामी यांनी मद्रासेस हिच्याच बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. परंतु त्याचा कंपवाताशी संबंध तेव्हा कोणास ठाऊक नव्हता. १९५७ साली स्वीडनमध्ये कार्लसन यांनी सर्पगंधेतील रेसर्पिन देऊन निश्चेष्ट केलेले ससे डोपा देताच हालू लागले. मेंदूत डोपामीन कमी पडल्याने हा रोग होतो, हे पुढे कळले, आणि १९६७ साली कोट्झियस यांनी डोपाची मोठी मात्रा हळूहळू वाढवीत देऊन रोग्यांस उठते केले. मुंबईस डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुयरीचेच चूर्ण रोग्यांस देऊन १९७८ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला.

म्हणजे आतोबांचे म्हणणे निम्मे खरे होते. पण प्रत्येक बीत द्रव्य सारखे नसते. आज मात्रा कमी, उद्या अधिक. शिवाय गोळीत घातलेला कार्बिडोपा लेव्होडोपास मेंदूपर्यंत पोचण्याआधी खर्ची पडू देत नाही. मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबविणारे औषध मात्र अद्याप सापडलेले नाही. गोळीही नव्हे, बीही नव्हे.

आम्ही हे सांगितले. शेवटचे वाक्य सांगताना जीभ अडखळली. आतोबा बराच वेळ वेलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरे, गोळी किती वाजता?"

गोळी व वरण-दूध यांत अंतर असावे, हे आत्याबाईंनी पाटीवर लिहून घेतले. वेल मात्र आतोबांनी कोणास तोडू दिला नाही.