रुळांशेजारचे गाव

सेंट लुईस परिसरातल्या आपल्या मंडळींना कर्कवुड ठाऊक असते ते दोन कारणांनी. मुले लहान असतात तेव्हा मॅजिक हाउससाठी, आणि मुले मोठी झाली की ताज्या भाजीच्या बाजारासाठी. मीही मिसुरीत एम.एस. करून, कन्सल्टिंगच्या निमित्ताने चार राज्ये हिंडून इथे घर घेतले, ते चांगल्या शाळा बघून. हे गाव मुळात रेल्वेच्या पोटी जन्मलेले आहे, याचा पत्ता नव्हता. तो लागला बाबांमुळे.

बाबा कल्याणला मध्य रेल्वेत होते. आयुष्यभर रुळांच्या देखभालीचे काम केले. चार वर्षांपूर्वी ते आणि आई इथे आले, तेव्हा त्यांना कमान दाखवली, मॉल दाखवले; पण त्यांचा जीव रमला तो कर्कवुडच्या स्टेशनावर. फलाटावर उभे राहून रुळांकडे बघत ते म्हणाले, "अरे, हे तर आपल्यापेक्षा अरुंद आहेत!" बरोबरच होते. इथले गेज ४ फूट साडेआठ इंच, आपले ५ फूट ६ इंच. साडेनऊ इंचांचा फरक त्यांनी नुसत्या नजरेने टिपला. मग मी वाचायला बसलो.

१८४९ साली सेंट लुईसवर दोन संकटे एकदम कोसळली. मे महिन्यात एका आगबोटीला लागलेली आग किनाऱ्यावर पसरली आणि चारशेहून अधिक इमारती व तेवीस आगबोटी जळाल्या. त्याच वर्षी पटकीने चार हजारांहून अधिक माणसे गेली. ज्यांना परवडत होते त्यांना शहराबाहेर, उंचावर, मोकळ्या हवेत राहायचे होते. पण रोज घोडागाडीने चौदा मैल कोण जाणार?

त्याच सुमारास पॅसिफिक रेलरोड कंपनी उभी राहिली. सेंट लुईसपासून थेट पॅसिफिक महासागरापर्यंत रूळ टाकण्याचे तिचे स्वप्न. ४ जुलै १८५१ रोजी पहिली कुदळ पडली. मिसिसिपीवर तेव्हा पूल नव्हता, त्यामुळे पहिले इंजिन नदीतून बोटीने आणावे लागले. डिसेंबर १८५२ मध्ये पहिली गाडी धावली, जेमतेम पाच मैल. पण मिसिसिपीच्या पश्चिमेला धावलेली ती पहिली गाडी.

हायरम लेफिंगवेल आणि रिचर्ड एलियट या दोघांनी संधी ओळखली. रूळ जिथून जाणार तिथली जमीन घेऊन त्यांनी भूखंड पाडले आणि १८५३ मध्ये, गाडी तिथवर पोहोचली त्याच वर्षी, ते विकायला काढले. गावाला नाव दिले रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स कर्कवुड यांचे. हे गृहस्थ मूळचे स्कॉटलंडचे. म्हणजे गावाचे नावच एका परदेशातून आलेल्या इंजिनिअरचे! आपल्यातल्या अनेकांना हे वाचून बरे वाटेल.

१८५३ हे साल वाचले आणि मी बाबांना हाक मारली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे! हे साल त्यांना सांगावे लागले नाही. पण खरी गंमत पुढे होती. पॅसिफिक रेलरोडचे मूळ गेज होते ५ फूट ६ इंच. म्हणजे आपलेच! बाबा इतके खूश झाले, की जणू त्यांच्या खात्यानेच ते रूळ टाकले होते.

मग ते बदलले का? नदीवर पूल नव्हते तोवर शेजाऱ्यांचे गेज वेगळे असले तरी अडत नव्हते. १८६५ मध्ये हा मार्ग कॅन्सस सिटीला पोहोचला. १८६९ च्या जुलैत तिथे मिसुरी नदीवरचा पूल खुला झाला आणि दुसऱ्या कंपन्यांचे रूळ येऊन भिडले. त्याच महिन्यात या मार्गाचे गेज बदलले. बाबांना लहानपणचे मिरज आठवले. गेज बदलले, की गाडी बदला, ट्रंका उतरवा, हमाल शोधा!

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गाव वसले तेव्हा मिसुरीत गुलामगिरी होती. ती जानेवारी १८६५ मध्ये संपली आणि त्याच वर्षी कर्कवुडला नगराचा रीतसर दर्जा मिळाला. ऐसपैस भूखंडांच्या जाहिराती सगळ्यांसाठी नव्हत्या.

आजची दगडी स्टेशन इमारत १८९३ ची. या शतकाच्या सुरुवातीला राज्याच्या खर्चकपातीत इथला तिकीट कर्मचारी जाण्याची वेळ आली आणि स्टेशनला कुलूप लागेल अशी भीती होती. तेव्हा नगरपालिकेने २००३ मध्ये ॲमट्रॅककडून इमारत विकत घेतली आणि गावकऱ्यांनी आळीपाळीने ती उघडी ठेवायला सुरुवात केली. बाबा आले तेव्हा काउंटरमागे असेच एक स्वयंसेवक आजोबा होते. बाबांचे इंग्रजी बेताचे, त्यांना मराठीचा गंध नाही. पण दोघे अर्धा तास बोलत होते. हातवारे, आकडे आणि 'सिग्नल', 'पॉइंट', 'स्लीपर' एवढ्या शब्दांवर!

हे सगळे मंडळाच्या अंकात का, असे तुम्ही विचाराल. आपल्या रविवारच्या मराठी शाळेला यंदा दोन शिक्षक कमी पडत आहेत. एक वर्ग बंद करावा लागेल अशी चर्चा आहे. माझी मुलगी त्याच वर्गात आहे. आजोबांशी ती फोनवर निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी बोलते. मध्येच अडली, की फोन माझ्याकडे देते आणि मी हमालासारखी शब्दांची ने-आण करतो. आता बाबांना इतका लांबचा प्रवास झेपत नाही, त्यामुळे त्या दोघांचे नाते या फोनवरच चालायचे आहे.

मला शिकवण्याचा अनुभव नाही. पण स्टेशन उघडणारे ते आजोबा तरी कुठे रेल्वेत होते? ते निवृत्त दंतवैद्य होते! पुढच्या महिन्यापासून महिन्यातले दोन रविवार मी घेतले आहेत. उरलेल्या दोन रविवारांसाठी कोण येते बोला!