रिकामी कबर

फोर्ट कोचीला पोहोचताच त्या बालप्रवाशाने वडिलांपाशी हट्ट धरला, "बाबा, प्रथम वास्को द गामाची कबर पाहू!" किनाऱ्यावरील प्रचंड चिनी जाळ्यांकडे त्याने वळूनही पाहिले नाही.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये कबर होती, परंतु रिकामी! इ. स. १५२४ मध्ये गामा कोचीतच वारला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. मुलगा हिरमुसला.

दुपारी उभयतांनी मट्टनचेरीतील ज्यू लोकांचे १५६८ मधील प्रार्थनामंदिर पाहिले. परदेशांतून आलेल्या या लोकांना कोचीच्या राजाने आपल्या वाड्यालगतच जागा दिली होती.

वडील सांगू लागले, "पोर्तुगिजांना १६६३ मध्ये डचांनी घालविले, डचांना १७९५ मध्ये इंग्रजांनी. शेवटी इंग्रजही गेले."

"मग येथे राहिले कोण?" मुलाने विचारले.

सायंकाळी ते किनाऱ्यावर परतले. दोरांना टांगलेल्या धोंड्यांच्या भाराने तोललेले जाळे कोळी ओढीत होते. एका वृद्ध कोळ्याने खुणेने मुलाला जवळ बोलावून दोर त्याच्या हाती दिला. जाळे सावकाश वर आले. त्यात मूठभर मासळी चमकत होती.

वडिलांना उत्तर देण्याची आवश्यकता उरली नाही.