प्रॉबेब्ली

मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये गाठीविषयी लिहिलं होतं : 'प्रॉबेब्ली बिनाईन', वर्ग 3. गाठ निरुपद्रवी, हा दिलासाच. पण नजर आधीच्या शब्दावर अडकली. दाराच्या फटीत पाय घालून उभा राहिलेल्या माणसासारखा तो शब्द. आत येत नाही, दार लावूही देत नाही.

झोप येईना, म्हणून अशा शब्दांविषयी वाचत बसले. 1951 साली अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे, असं एकमतानं लिहून दिलं. त्यांच्यातल्याच शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारलं, म्हणजे नेमकी किती? उत्तरं 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत! एकमत फक्त शब्दांवर झालं होतं. त्या अवस्थेतही मला हसू आलं.

रेडिऑलॉजीनं हा घोळ बराच निस्तरलाय. वर्ग 3 मधल्या 'प्रॉबेब्ली'ला माप आहे : कर्करोगाची शक्यता 2 टक्के किंवा त्याहून कमी. हे कळल्यावर भीती गेली असं नाही. ती आटोपशीर झाली, इतकंच. आईला अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन की नाही, तेही ठरत नाही.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांनो, 'प्रॉबेब्ली' जरूर लिहा. शेजारी तेवढा आकडाही छापा.