मेल्याची क्लिप

आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटलं की आधी क्लास आठवतो. चौकातला फ्लेक्स, त्यावर पासपोर्ट साइज फोटो, प्रत्येक फोटोखाली टक्के. त्यामुळे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या टीमला पगारी कोच असतो असं सांगितलं की समोरचा हसतो. यात शिकवायचं काय? नजर तेज पाहिजे, बोटं चालली पाहिजेत आणि दिवसाचे दहा तास बसायची तयारी पाहिजे. झालं.

बरीच वर्षं ई-स्पोर्ट्सवाल्यांपैकी अनेकांचाही साधारण हाच समज होता. तो बदलताना मी जवळपास लाइव्ह पाहिलाय. २०१५ ते २०१९ मी इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवर आम्ही काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धा बघायचो. त्यातही डेन्मार्कची एक टीम: ॲस्ट्रालिस.

हा गेम खेळला नसेल तर थोडक्यात सांगतो. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने ठरलेल्या दोनपैकी एका जागी बॉम्ब लावायचा, दुसरीने तिला अडवायचं. बॉम्ब लागला नाही तर एक राउंड दोन मिनिटांच्या आत संपतो. त्यात मेलात की पुढचा राउंड सुरू होईपर्यंत नुसतं बघत बसायचं. बंदुका दर राउंडला विकत घ्याव्या लागतात, त्यामुळे पैशांचा हिशोबही ठेवावा लागतो. शिवाय फेकायच्या वस्तू असतात: धूर करणारा स्मोक, डोळे दिपवणारा फ्लॅश, आग लावणारा मोलोटोव्ह.

आमच्या विंगमध्ये या फेकायच्या वस्तूंना कुणी विचारत नसे. ज्याचा नेम चांगला तो चांगला खेळाडू, विषय संपला. एकाने पाच जणांना उडवलं की अख्खा मजला दणाणायचा. त्याच्यासाठी बरोबर वेळी फ्लॅश फेकणाऱ्याचं नाव कुणी घेत नसे.

ॲस्ट्रालिस २०१६ च्या सुरुवातीला उभी राहिली. खेळाडू हुशार, पण त्यांच्यातल्या जुन्या मंडळींची ख्याती वाईट होती. मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत दिमाखात यायचं आणि तिथे हातपाय गाळायचे. त्यांचा कोच होता डॅनी सोरेन्सन, गेममधलं नाव ‘झॉनिक’. तो स्वतः जुन्या काउंटर-स्ट्राइकचा नावाजलेला खेळाडू.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने नियम बदलला. तोवर कोच सामना चालू असताना खेळाडूंशी सतत बोलू शकायचा. काही टीम्समध्ये तर सगळे डावपेच तोच सांगायचा. खेळाडूंनी फक्त नेम धरायचा, डोकं कोचचं. हा सहावा खेळाडूच झाला, असं व्हॅल्व्हचं म्हणणं होतं. नव्या नियमानुसार कोचने बोलायचं ते सामन्याआधीच्या वॉर्म-अपमध्ये, मध्यंतरात आणि प्रत्येकी तीस सेकंदांच्या चार टाइमआउटमध्ये. म्हणजे खेळ ऐन रंगात असताना त्याच्या वाट्याला एकूण दोन मिनिटं. बाकी वेळ मागे उभं राहून गप्प बसायचं.

आमच्या रूमवर तेव्हा या नियमावरून भांडणं झाली. कोच संपला, असं बहुतेकांचं मत. पण प्रत्यक्षात उलटं घडलं. सामन्यातलं बोलणं काढून घेतल्यावर कोचच्या हातात उरला तो सामन्याआधीचा सगळा काळ. जे सांगायचं ते आधीच खेळाडूंच्या अंगात मुरलेलं असलं पाहिजे, नाहीतर ऐन वेळी सांगायला तोंड नाही. सराव कसा करायचा हा प्रश्न त्यामुळे पहिल्यांदा ऐरणीवर आला.

ॲस्ट्रालिसने तो गांभीर्याने घेतला. ऑक्टोबर २०१६ मध्ये लुकास रॉसँडर, म्हणजे ‘ग्लेव्ह’, टीममध्ये आला. मैदानातले निर्णय तो घेणार आणि त्या निर्णयांची तयारी झॉनिकबरोबर करणार. मिया स्टेलबर्ग या फिनलंडच्या क्रीडा मानसतज्ज्ञ टीमबरोबर काम करत होत्या. पुढे लार्स रॉबल आला, डॅनिश सैन्याच्या विशेष दलातला माजी जवान. कॅस्पर व्हिट हा हँडबॉलचा माजी गोलकीपर क्रीडा संचालक झाला. यातल्या कुणाला बंदुकीचा नेम कसा धरायचा हे शिकवायचं नव्हतं. झोप, जेवण, व्यायाम, हरल्यावर एकमेकांशी कसं बोलायचं, दडपणाखाली श्वास कसा घ्यायचा, असल्या गोष्टी. सोळा तास खुर्चीत बसून चिप्स खाणाऱ्या खेळाडूचं चित्र डोळ्यांसमोर असलेल्या आम्हाला हे फार विचित्र वाटायचं.

आणि मग त्या फेकायच्या वस्तू. रिकाम्या सर्व्हरवर जायचं, भिंतीच्या एका ठरावीक कोपऱ्याला चिकटून उभं राहायचं, छपराच्या टोकावर किंवा अँटेनावर नेम धरायचा आणि स्मोक फेकायचा. तो तीन घरं ओलांडून नेमक्या दारात पडला पाहिजे. एक वीत इकडे-तिकडे झाला तर फटीतून शत्रूला दिसतं. तेव्हाच्या गेममध्ये तो धूर साधारण अठरा सेकंद टिकायचा. त्या अठरा सेकंदांत बाकी चौघांनी कुठे असायचं, पहिला फ्लॅश कुणाचा, दुसरा कुणाचा, आग कुठे लावायची, हे सगळं आधी बसवलेलं. २०१८ मध्ये ॲस्ट्रालिसशी खेळणाऱ्या टीम्स बंदुकीची गोळी लागण्याआधीच अर्धमेल्या झालेल्या असायच्या. नेम त्यांचाही चांगलाच होता, पण नेम धरायची वेळ यायची तोवर निम्मं काम झालेलं असायचं.

निकाल सगळ्यांसमोर आहेत. काउंटर-स्ट्राइकमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला ‘मेजर’ म्हणतात. जानेवारी २०१७ मध्ये अटलांटात शेवटचा मॅप १६-१४ असा घासून जिंकत त्यांनी पहिला मेजर घेतला. हातपाय गाळणारी टीम हीच. मग सप्टेंबर २०१८ ला लंडन, मार्च २०१९ ला काटोवित्से, सप्टेंबर २०१९ ला बर्लिन. लागोपाठ तीन, एकूण चार. त्याआधी कुणालाही ते जमलं नव्हतं.

लंडनची फायनल आम्ही सात जणांनी एका लॅपटॉपवर पाहिली. सामना एकतर्फी होता, खरं तर कंटाळवाणा. मित्र म्हणाला, “हे लोक खेळत नाहीयेत, पाठ म्हणतायत.” त्याला ती शिवी वाटत होती. मला ते त्या संध्याकाळचं सगळ्यात अचूक वर्णन वाटलं. फक्त ही पाठांतरं कुणीतरी आधी रचली होती, आणि रचण्यासाठी त्यांना स्वतःचे पराभव पुन्हा पुन्हा बघावे लागले होते.

कारण काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक सामन्याची ‘डेमो’ फाइल मिळते. हा नुसता व्हिडिओ नसतो. अख्खा सामना कुणाच्याही नजरेतून, कुठल्याही क्षणी थांबवून, मागे नेऊन बघता येतो. मी का मेलो? माझ्याजवळ कोण असायला हवं होतं? तो तिथे का नव्हता? त्याने मला सांगितलं होतं का, आणि सांगितलं असेल तर मी ऐकलं का? टीम एकत्र बसून हे बघते तेव्हा पाचही जणांचं लक्ष एकमेकांच्या चेहऱ्यांकडे असतं. तिथे चूक शोधायची पण माणूस सोलायचा नाही, हे जमवणं कोचचं खरं काम. मी आता ज्या क्षेत्रात आहे तिथे सर्व्हर पडला की अशीच बैठक होते. ‘कुणी केलं’ न विचारता ‘कसं झालं’ विचारायचं, असा तिचा नियम. कागदावर सोपा आहे. रात्री तीनला उठवलेली आठ माणसं समोर असताना तो पाळायला लावणारा लीड मिळणं दुर्मीळ.

ॲस्ट्रालिसची ही पद्धत हळूहळू सगळ्यांनी उचलली. मोठ्या टीम्समध्ये कोच, ॲनालिस्ट, मानसतज्ज्ञ ही नेहमीची पदं झाली. सगळेच तयारी करून येऊ लागल्यावर नुसत्या तयारीचा फायदा अर्थातच आटला. या बदलाची किंमतही दिसली. मे २०२० मध्ये ग्लेव्ह आणि त्याचा सहकारी झिपेक्स हे दोघेही ताणामुळे सुट्टीवर गेले. झोप, जेवण, मन सांभाळायला माणसं ठेवणाऱ्या टीममधले दोघं. वर्षभर देशोदेशी फिरून सतत स्पर्धा खेळण्यावर चांगल्या कोचकडेही उतारा नसतो.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट उघडी पडली. गेममध्ये एक बग होता. प्रेक्षक म्हणून जोडलेल्या कोचचा कॅमेरा कधी कधी मॅपवर भलत्याच जागी अडकायचा आणि शत्रू काय करतोय ते त्याला दिसायचं. काहींनी ते कळवलं, काहींनी गप्प राहून पाहिलं, काहींनी वापरलं. सप्टेंबर २०२० मध्ये ई-स्पोर्ट्समधल्या सचोटीवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ईसिक’ या संस्थेने ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातल्याचं जाहीर केलं. सामन्यात बोलू न शकणाऱ्या माणसाला अचानक सगळं दिसायला लागलं तर तो काय करेल, याची ही परीक्षाच होती. कोचला अधिकार मिळाले, महत्त्व मिळालं, पगार मिळाला. त्याच्यावर नजर कुणी ठेवायची हे मात्र सगळ्यात शेवटी ठरलं.

झॉनिक २०२२ मध्ये व्हिटॅलिटी या फ्रेंच टीमकडे गेला आणि मे २०२३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्याबरोबर पुन्हा मेजर जिंकला. ॲस्ट्रालिसमधले दोन खेळाडू त्याच्यासोबत गेले होते, पण बाकी टीम वेगळी, देश वेगळा. ते बघून मला पटलं की ॲस्ट्रालिसचं यश हा फक्त पाच हुशार पोरांचा योगायोग नव्हता. काहीतरी शिकवता येण्यासारखं होतं, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे नेता येतं.

हे सगळं मी एवढं घोळवून सांगतोय, कारण गेल्या दिवाळीत कोल्हापूरहून काकांचा फोन आला. “तू त्या कंप्युटरमधला. ह्याला समजाव जरा.” हा म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. वय एकोणीस, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याला कॉलेज सोडून पूर्णवेळ बीजीएमआय खेळायचं होतं.

त्याच्या वयाच्या पोरांनी या गेमसाठी बरंच सोसलंय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने आला, जुलै २०२२ मध्ये तोही प्ले स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. दर वेळी टीम फुटायची, दर वेळी हा नव्याने जमवायचा. चिकाटी नाही असं त्याला कुणी म्हणू शकणार नाही.

मी त्याला विचारलं, सराव कसा करता? म्हणाला, रोज दहा तास. मी म्हटलं, तास नको सांगू, काय करता ते सांग. पाच स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या टीम्सबरोबर सरावाचे सामने. मग? मग जेवण, मग परत खेळ. कोच आहे का? आहे म्हणाला. हा कोच स्क्रिमच्या वेळा ठरवायचा आणि हरल्यावर व्हॉइस चॅटवर शिव्या घालायचा. एका नव्या संस्थेने टीमला करार देऊ केला होता. त्यात जर्सीचा रंग होता, रोज किती तास स्ट्रीम करायचं तेही होतं. सामने बसून कोण बघणार, मनगट दुखलं तर काय, सहा महिन्यांनी काढलं तर काय, याबद्दल ओळही नव्हती.

मी म्हटलं, तुझे सामने दाखव. त्याने फोन पुढे केला. गॅलरीत तीनशेच्या वर क्लिप्स. सगळ्या त्याने कुणाला तरी मारल्याच्या. एकही क्लिप तो मेल्याची नव्हती.

“मेल्याची कोण ठेवतं, दादा?”

त्या रात्री आम्ही एक अख्खा सामना रेकॉर्ड करून घेतला, चौघांच्याही फोनवरून. दुसऱ्या दिवशी टीव्हीला लावून बघत बसलो. काका येऊन मागे उभे राहिले. काका तरुणपणी तालमीत होते. गेममधलं त्यांना काही कळत नव्हतं, कोण आपला कोण परका हेही विचारावं लागत होतं. वीसेक मिनिटांनी म्हणाले, “हा दरवेळी एकटाच का पुढं पळतोय? बाकीची तिघं लांब हाईत की.” भाऊ काही बोलला नाही. त्याने रिमोट घेतला आणि मागे नेऊन तो भाग पुन्हा लावला. मग अजून एकदा.

काका सांगत होते, वस्ताद कुस्तीच्या वेळी फारसं बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आखाड्यात, कालच्या डावात पाय कुठे चुकला तो तेवढाच पाय धरून दाखवायचे. शंभर जोर-बैठका तर कुणीही घरी मारतो.

मी भावाला समजावलं नाही. खेळू नको असं सांगण्याइतकी मला खात्री नाही, आणि खेळ असं सांगितलं तर पुढची पाच वर्षं माझी जाणार नाहीत, त्याची जाणार. एवढंच म्हटलं की करारावर सही करायच्या आधी त्यांना विचार: आमचे हरलेले सामने आमच्याबरोबर बसून कोण बघणार? त्या माणसाचं नाव काय आणि तो याआधी काय करत होता?

त्याने विचारलं. तिकडून आठवडाभर उत्तर आलं नाही, मग आलं ते असं की आधी सही करा, कोच नंतर बघू. त्याने सही केली नाही. डिप्लोमाची परीक्षा देणार आहे. टीम अजून आहे, पण आता दिवसाला दोनच स्क्रिम खेळतात. त्यानंतर तासभर चौघं मिळून रेकॉर्डिंग बघतात आणि भांडतात. गेल्या आठवड्यात त्याने मला एक क्लिप पाठवली. अकरा सेकंदांची. घराच्या कोपऱ्यावर तो एकटाच उभा आहे आणि पाठीमागून गोळी लागते. खाली लिहिलं होतं: “यात चूक माझी नाही. शेवटपर्यंत बघ आणि मग सांग.”